हा वास आपल्याच गाडीचा?

६ जून २०२०. लॉकडाउनमुळे रस्ते ओस पडलेले, गाड्या सोसायट्यांच्या आवारात धूळ खात उभ्या. त्या रात्री चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, पवई या पट्ट्यातल्या लोकांनी घाईघाईने खिडक्या लावून घेतल्या, कारण हवेत गॅसचा वास भरला होता. फोन खणखणू लागले, अग्निशमन दलाचे बंब धावले, गॅसवाहिन्या तपासल्या गेल्या. त्या रात्री गळती काही सापडली नाही. त्याआधी, १९ सप्टेंबर २०१९च्या रात्रीही उपनगरांत असाच प्रकार घडला होता आणि तेव्हाही शोधणारी पथकं हात हलवत परतली होती.

हजारो नाकांनी एकाच वेळी दिलेली साक्ष खोटी कशी म्हणणार? पण त्या साक्षीत एक उणीव होती आणि मोटारीच्या धुराचा वास ओळखू पाहणाऱ्यालाही तीच नडते. वास कसला आहे हे नाकाला चटकन कळतं. तो कुठून येतोय, हे सांगताना नाक गडबडतं. शिवाय नाक लवकर सरावतं. काही मिनिटं एकच वास येत राहिला की तो जाणवेनासा होतो. म्हणूनच रोज गाडी चालवणाऱ्याला कशाचाच पत्ता नसतो आणि रविवारी मागच्या सीटवर बसलेली आत्या दार ओढता ओढताच विचारते, "काय रे, कसला वास येतोय गाडीत?"

आत्याचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. फक्त त्याला आणखी दोन प्रश्न जोडावेत. वास केव्हा येतो आणि कुठे येतो? सकाळी पहिल्यांदा गाडी चालू केल्यावर, सिग्नलला उभं असताना, पुलाच्या चढावर, की इंजिन बंद केल्यावर? गाडीच्या आत, बॉनेटपाशी, की मागे सायलेन्सरच्या तोंडाशी? एवढं टिपून ठेवलं तरी निम्मं निदान गॅरेजच्या पायरीआधीच होतं.

बाहेरचा की घरचा?

पूर्व द्रुतगती महामार्गावरून विक्रोळीकडून मुलुंडकडे जाताना गाडीत कुजक्या अंड्यासारखा वास शिरतो आणि चालक दचकून डॅशबोर्डवरचे दिवे बघू लागतो. बहुतेक वेळा गाडी निर्दोष असते. महामार्गाच्या खाडीकडच्या अंगाला कांजूरमार्गची कचराभूमी आहे; तिच्या दुर्गंधीबद्दल विक्रोळी, भांडुप, मुलुंडचे रहिवासी वर्षानुवर्षं तक्रारी करत आले आहेत. त्यातच ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल उघडा पडतो. खारफुटीच्या त्या काळ्या गाळात हवा पोचत नाही. तिथले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, म्हणजे नेमका तोच वायू, ज्याच्यामुळे अंडं कुजल्याचा वास येतो.

साकीनाक्याला किंवा लालबहादूर शास्त्री मार्गावर वेगळी गंमत. तिथे बंपरला बंपर लावून चालताना आपल्या गाडीत येतो तो पुढच्याचा धूर. त्याची परीक्षा फुकट आहे. एसीच्या बटणांमध्ये मोटारीचं चित्र आणि आत वळलेला बाण असतो; ते बटण दाबलं की बाहेरची हवा घेणं थांबतं आणि आतलीच हवा फिरत राहते. दोन मिनिटांत वास विरला, तर तो बाहेरून येत होता. मग रस्ता मोकळा मिळाल्यावर, पुढे कुणी नसताना बटण बंद करून बाहेरची हवा घ्यावी. आता वास परतला, तर संशयाची सुई आपल्या बॉनेटकडे वळते. आणि बटण दाबलेलं असतानाही वास वाढतच गेला, तर तो गाडीच्या आत कुठूनतरी झिरपतोय. ही तिसरी शक्यता सगळ्यांत गंभीर.

एक पथ्य मात्र पाळायचं. ते बटण तासन्‌तास दाबून ठेवलं तर माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आत साठतो, डोकं जड होतं, पेंग येते. अंधेरी ते बोरिवली या रखडत्या प्रवासात अधूनमधून ताजी हवा घेतलेली बरी.

निरोगी धुराला वास किती?

जवळपास नाहीच. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण जमलं की मागे उरतात कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि हवेतला नायट्रोजन. तिघांनाही वास नाही. प्रत्यक्षात थोडं पेट्रोल अर्धवट जळतंच. ते निस्तरण्याचं काम कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'कॅट'चं. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्यांच्या ठोकळ्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो. त्यावरून जाताना विषारी कार्बन मोनॉक्साइडचा डायऑक्साइड होतो आणि न जळलेलं इंधन जळून जातं.

भारतात हे यंत्र एप्रिल १९९५पासून मुंबईसह चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना सक्तीचं झालं. शिसं कॅटला निकामी करतं, म्हणून त्याच वेळी शिसेविरहित पेट्रोलही पंपांवर आलं. २०००मध्ये ते देशभर झालं.

कॅटची एक खोड आहे. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय तो जागाच होत नाही. त्यामुळे सकाळी गाडी चालू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं मागे उभं राहिलं तर पेट्रोलचा उग्र वास येतो, सायलेन्सरमधून पाण्याचे थेंबही टपकतात. दोन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत. पेट्रोलमध्ये आता सुमारे २० टक्के इथेनॉल असतं. ते अर्धवट जळलं की ॲसिटाल्डिहाइड तयार होतो, त्याची किंचित आंबूस, झोंबरी छटाही गार इंजिनाच्या धुराला येते. गाडी तापल्यावर हे सगळं निवळलं पाहिजे.

उपनगरांत घोडं अडतं ते इथेच. बोरिवलीत घरापासून स्टेशन दीड किलोमीटर, मुलाला शाळेत सोडायचं ते दोन किलोमीटर. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं. न जळलेलं पेट्रोल आणि वाफ इंजिन ऑइलमध्ये मिसळत राहतात, प्लगांवर काजळी बसते, कॅट अर्धा झोपेतच राहतो. वर्षाला जेमतेम तीन-चार हजार किलोमीटर फिरलेली, 'जपून वापरलेली' गाडी म्हणून अनेकदा जास्त वास मारते.

कुजक्या अंड्याचा वास

खाडी आणि कचराभूमी मागे पडली, तरी अंड्याचा वास कायम राहिला, तर तो गाडीचाच. पेट्रोलमध्ये गंधकाचा अंश असतो. पूर्वी तो बराच होता. मुंबईत २०१०मध्ये बीएस-४ इंधन आलं, तेव्हा त्याची मर्यादा दहा लाख भागांत ५० भाग होती; १ एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ इंधनात ती १० भागांवर आली. इतकं कमी गंधक असूनही वास येतो, कारण या वायूच्या बाबतीत आपलं नाक विलक्षण तिखट आहे. हवेच्या एक अब्ज भागांत त्याचे मोजके भाग असले तरी ते ओळखतं.

निरोगी गाडीत गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होऊन निघून जातो, काही भाग कॅटमध्ये साठतो. इंजिनात पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडू लागली की साठलेल्या गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड बनून बाहेर पडतो. म्हणजे वास कॅटमधून येत असला तरी बिघाड बऱ्याचदा त्याच्या आधी असतो. तुंबलेला एअर फिल्टर, गळका इंजेक्टर, चुकीचं सांगणारा ऑक्सिजन सेन्सर. आधी ते तपासायचे. कॅट बदलणं हा शेवटचा आणि खिशाला सगळ्यांत जड उपाय. मूळ बिघाड तसाच ठेवून नवा कॅट बसवला, तर काही महिन्यांत तोही त्याच वाटेने जातो.

इथे एक फसवा उपाय सांगितला जातो, कॅट काढून टाकायचा किंवा आतून पोकळ करायचा. वास खरोखर जातो, कारण तो तयार करणारी जागाच राहत नाही. पण त्या जागी भरपूर कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडू लागतो आणि त्याला वासच नसतो. शिवाय हे बेकायदा आहे. आतल्या धातूंना सोन्यासारखा भाव असल्यामुळे कॅटवर चोरांचाही डोळा असतो. महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला गेल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार आल्या, त्यामागे हेच कारण. एका रात्रीत गाडीचा आवाज फाटका झाला आणि वास बदलला, तर आधी वाकून गाडीखाली बघावं.

अंड्याच्या वासाचे आणखी दोन उगम धुराशी संबंध नसलेले. चार्जिंगचा दाब प्रमाणाबाहेर गेला की बॅटरी उकळते आणि तसाच वास बॉनेटखालून येतो. गिअर ऑइलमध्येही गंधकयुक्त रसायनं असतात. ते गळून गरम पाइपवर पडलं की लसूण जळल्यासारखा दर्प सुटतो.

कच्चं पेट्रोल

गाडी तापल्यावरही सायलेन्सरपाशी पेट्रोलचा वास येत असेल, तर कुठल्यातरी सिलिंडरात ठिणगी वेळेवर पडत नाही. मेकॅनिक याला 'मिसिंग' म्हणतात. उभ्या गाडीचं स्टिअरिंग हाताला थरथरतं, पिकअप मरतो, ॲव्हरेज घसरतं. प्लग आणि इग्निशन कॉइल हे पहिले संशयित. चेक इंजिनचा पिवळा दिवा नुसता लागला असेल तर गॅरेजपर्यंत हळूहळू जाता येतं. तो उघडमीट करू लागला तर गाडी बाजूला घ्यावी. त्या वेळी न जळलेलं पेट्रोल थेट कॅटमध्ये जाऊन पेटत असतं आणि आतलं पोळं वितळू शकतं.

प्लग काढून हातात घेतला की तो बरंच बोलतो. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला, तेलकट काळेपणा म्हणजे इंजिन ऑइल आत शिरतंय. पांढरंफटक टोक म्हणजे हवा जास्त किंवा इंजिन तापतंय. चारांपैकी एकच प्लग वेगळा दिसला, तर बिघाड त्याच सिलिंडरापुरता.

काजळीची तपासणी घरीही होते. तापलेल्या इंजिनाच्या सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर, हात न भाजता, पांढरा जुना रुमाल दहा सेकंद धरावा. पाण्याचे डाग वाळून जातात, त्यांची चिंता नाही. कोरडा काळा ठिपका उमटला तर मिश्रण बिघडलंय. ठिपक्याभोवती तेलकट कडं आलं, तर पुढचा प्रश्न ऑइलचा.

पीयूसीची चिठ्ठी हाही एक सुगावा आहे. लोक ती न वाचताच काचेमागे ठेवतात. बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना उभ्या इंजिनावर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन दहा लाखांत २०० भाग, एवढी मुभा आहे. गाडी पास झाली, तरी गेल्या वर्षीच्या चिठ्ठीशी ताडून पाहावी. हायड्रोकार्बनचा आकडा ४०वरून १६०वर गेला असेल, तर कागदावर पास असलेल्या गाडीतही कच्चं इंधन बाहेर पडू लागलंय. मात्र ही तपासणी गाडी चांगली तापलेली असतानाच करावी.

जळकं तेल आणि निळा धूर

पन्नाशीच्या पुढच्या मुंबईकराला या वासाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. एकेकाळच्या टू-स्ट्रोक रिक्षांत पेट्रोलमध्येच तेल मिसळलेलं असे आणि ते पेट्रोलबरोबर जळे. रिक्षांना वांद्रे आणि सायनच्या पुढे दक्षिणेत मज्जाव, म्हणून तो निळसर धूर खास उपनगरांच्या वाट्याला येई. १९९९मध्ये 'स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम' या संघटनेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयात वाहनांच्या धुराचा विषय उभा राहिला, व्ही. एम. लाल समिती नेमली गेली आणि जुन्या टॅक्सी स्वच्छ इंधनावर नेण्याचे आदेश निघाले. रिक्षाही पुढे सीएनजीवर गेल्या. काळ्या-पिवळ्या पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती; २० वर्षांची मुदत संपून २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली.

आजच्या फोर-स्ट्रोक गाडीत तेल जळायला नको. तरी जळत असेल, तर केव्हा जळतं ते पाहायचं. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताच निळा भपकारा येतो आणि थांबतो, तेव्हा व्हॉल्व्हची सील कडक झालेली असतात. रात्रभर थेंब थेंब तेल खाली उतरतं. ॲक्सिलरेटर दाबताच धूर येत राहतो, तेव्हा पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा. टर्बो असलेल्या गाडीत त्याचंही सील तपासावं.

सायलेन्सरमधून धूर काहीच नाही, पण सिग्नलला थांबल्यावर गाडीत जळक्या तेलाचा वास येतो, अशी तक्रार मात्र सगळ्यांत जास्त. इथे बहुधा टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक होऊन तेल झिरपतं आणि तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडून जळतं. चालत्या गाडीत वारा तो वास मागे नेतो. उभ्या गाडीत तो एसीच्या हवेबरोबर आत येतो. पॅकिंग स्वस्त, काम तासाभराचं. म्हणून 'इंजिनकाम निघालंय' हे ऐकून लगेच मान डोलवू नये. आधी इंजिन पुसून घ्यावं, दोन दिवस चालवावं आणि ओल कुठून सुरू होते ते टॉर्च मारून बघावं.

गोड वासाची भीती

आतापर्यंतच्या चार वासांतला हा एकच नाकाला बरा वाटतो. कढत गुळपाण्यासारखा, किंचित चिकट. तो कूलंटमधल्या इथिलीन ग्लायकॉलचा असतो. हे रसायन विषारी आहे. चवीलाही गोड असल्यामुळे गळलेलं कूलंट मांजर-कुत्रं चाटतं आणि दगावतं.

बॉनेटपाशी गोड वास आला तर होजपाइप किंवा रेडिएटर गळतोय, एवढ्यावर भागतं. सायलेन्सरमधून गोड वास आणि न विरणारा दाट पांढरा धूर आला, तर हेड गॅस्केट गेलं असण्याची दाट शक्यता. कूलंट थेट सिलिंडरात जळतंय. ऑइलच्या टोपणाखाली दुधाळ चहावरच्या सायीसारखा थर दिसला, तर संशय बळावतो. मात्र फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही वाफ साचून पावसाळ्यात असा पातळ थर येतो, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नये. खात्रीसाठी मेकॅनिक रेडिएटरच्या तोंडावर एक काचेची नळी बसवतात. तिच्यातलं निळं द्रावण पिवळं पडलं तर जळलेला वायू कूलंटमध्ये शिरतोय हे नक्की.

हे दुखणं इथवर पोचतं ते एका साध्या सवयीने. कूलंट कमी झालं की कुणीतरी बाटलीतलं पाणी ओततं. एकदा अडचणीला ठीक. पण वर्षभर तेच चाललं की गंज धरतो, बारीक नळ्या तुंबतात आणि मे महिन्याच्या दुपारी अंधेरी-कुर्ला रोडवर, एसी चालू, वेग शून्य, पंखा धापा टाकतोय, अशा वेळी काटा लालवर जातो. ॲल्युमिनियमचं हेड उष्णतेने किंचित वाकतं आणि गॅस्केट सुटतं. काटा चढताना दिसला की एसी बंद करून गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावं आणि गरम रेडिएटरचं झाकण मुळीच उघडू नये.

सीएनजीवाल्यांची गोष्ट निराळी

महानगर गॅस कंपनी १९९५मध्ये स्थापन झाली. आज उपनगरांतल्या कुठल्याही पंपावर रिक्षा, टॅक्सी आणि घरगुती गाड्यांची रांग दिसते. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन वर्गातलं गंधकयुक्त रसायन मिसळतात. नाकाला ते कुजक्या कोबीसारखं लागतं आणि माणसं त्यालाच 'गॅसचा वास' म्हणतात. वायू नीट जळला की मर्कॅप्टनही जळून जातं. म्हणून सीएनजी गाडीच्या धुरात गॅसचा वास येतो, तेव्हा वायू न जळता बाहेर पडतोय. जुने प्लग, घाण झालेला गॅस फिल्टर, गॅसचा दाब उतरवणारा बिघडलेला रेड्युसर किंवा आवळत आलेले व्हॉल्व्ह, अशी कारणं ओळीने तपासायची.

गाडी बंद असताना डिकीत गॅसचा वास आला, तर तो धुराचा प्रश्नच नाही. ती गळती आहे. टाकीत वायूचा दाब २०० बारपर्यंत असतो. दारं-डिकी उघडावी, दिव्याची किंवा पंख्याची बटणं चालू-बंद करू नयेत, टाकीवरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि गाडी अधिकृत केंद्राच्या ताब्यात द्यावी. तिथे सांध्यांवर साबणाचं पाणी लावतात आणि बुडबुडे कुठे येतात ते पाहतात. टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. गॅस भरण्याआधी पंपावरचा माणूस बॉनेटखालची पट्टी वाचतो, ती या चाचणीची तारीख बघायला.

सीएनजी गाड्यांचा आणखी एक खास उपनगरी आजार आहे. पेट्रोल महाग म्हणून मालक टाकीत जेमतेम दोन-तीन लिटर ठेवतो आणि महिनोन्‌महिने तेवढ्यावर काढतो. गाडी चालू होते पेट्रोलवर, मग गॅसवर जाते. ते शिळं पेट्रोल आंबतं, घट्ट होतं. इथेनॉलमुळे ओलही धरतं. मग सकाळी गाडी खोकत चालू होते आणि वॉर्निशसारखा आंबट वास येतो. उपाय सोपा. आठवड्यातून एकदा काही किलोमीटर पेट्रोलवर चालवावी आणि टाकीत निदान पाव भाग ताजं पेट्रोल ठेवावं. पेट्रोलमध्ये बुडालेला पंप त्यातच गार राहतो, हा वरचा फायदा.

डिझेल, क्लच आणि उंदीर

बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती भरली की गाडी स्वतःच तापमान सुमारे ६०० अंशांवर नेऊन काजळी जाळते. तेव्हा तापलेल्या लोखंडासारखा, करपट वास काही मिनिटं येतो आणि तो बिघाड नसतो. पण घाटकोपरच्या गल्ल्यांत पाच-पाच मिनिटं फिरणाऱ्या गाडीत ही सफाई अर्धवट तुटते आणि गाळणीचा दिवा लागतो. अशी गाडी मुलुंडपलीकडे नाशिक महामार्गाला काढून वीसेक मिनिटं एका लयीत पळवली की बहुधा दिवा विझतो. युरियाचं द्रावण वापरणाऱ्या गाडीत मात्र नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला, तर मात्रा चुकतेय, केंद्रात दाखवायला हवं.

धुरावर आळ येतो, पण दोषी भलताच, असंही होतं. पुलाच्या चढावर कोंडी असताना अर्धा क्लच धरून गाडी तोलली की जळक्या कागदासारखा वास येतो, तो क्लचप्लेटचा. नव्याने आलेला प्लास्टिक जळाल्याचा वास अनेकदा रस्त्यावरच्या पिशवीचा असतो, सायलेन्सरला चिकटून वितळलेल्या. आणि पावसाळ्यात मुंबईचा उंदीर उबेसाठी बॉनेटखाली घर करतो. तो वायर कुरतडतो, कधी तिथेच मरतो. तो वास कुठल्याच स्कॅनरवर दिसत नाही.

वास नसलेला वायू

२६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हजारो माणसं गाड्यांत अडकली. आजही पावसाळ्यात अंधेरी सबवे तुंबतो आणि एसी चालू ठेवून बंद काचांत पाणी ओसरण्याची वाट पाहणारी माणसं दिसतात. सायलेन्सरचं तोंड पाण्याखाली गेलं की धुराला वाट राहत नाही. कुठे सांधा फुटलेला, डिकीचं रबर सैल किंवा खालच्या पत्र्याला गंजून भोक पडलेलं असेल, तर धूर आत येतो.

त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते. माणसाला वाटतं, दमल्यामुळे झोप येतेय. धुराच्या इतर घटकांना वास असतो, या वायूला नाही. म्हणून गाडीच्या आत धुराचा कसलाही वास येत असेल, तर त्याला फक्त वास समजू नये. काचा उघडाव्यात, इंजिन बंद करावं, खाली उतरावं. बंद बेसमेंटमध्ये गाडी 'गरम करत' ठेवणं आणि एसी लावून उभ्या गाडीत झोपणं, दोन्ही टाळावं.

फुटका सांधा शोधायला लिफ्टवर घेतलेली गार गाडी हवी. इंजिन चालू करताच मेकॅनिक सांध्यांवर हात फिरवतो, फुसफुस ऐकतो, साबणाचं पाणी मारतो. मॅनिफोल्डपाशी काळी रेघ उमटलेली असेल तर धूर तिथूनच फुटतोय. पहिल्या काही सेकंदांतच हे करायचं. नंतर पाइप हात लावण्याजोगा राहत नाही.

गॅरेजात काय सांगावं

"गाडीतून वास येतोय, बघा जरा," एवढं सांगितलं की मेकॅनिक चाचपडतो आणि एकेक सुटा भाग बदलत सुटतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना सेन्सर स्वस्तात मिळतोही, पण चुकीचा भाग स्वस्तात बदलला तरी खर्च फुकटच जातो. त्याऐवजी असं सांगावं: "तीन आठवड्यांपासून, गाडी तापल्यावर, सिग्नलला थांबलो की, एसीतून, जळक्या तेलासारखा." मग तो थेट टॅपेट कव्हरकडे वळेल.

२०१३नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडायची खाच असते. पी०३०० आला तर मिसिंग, पी०१७२ म्हणजे पेट्रोल जास्त, पी०४२० म्हणजे कॅट नीट काम करत नाही. तिन्ही एकदम दिसले, तर क्रम महत्त्वाचा: आधी मिसिंग, मग मिश्रण, कॅट सर्वांत शेवटी. कोड पुसून देणं ही दुरुस्ती नव्हे. पुसण्याआधी फोनमध्ये त्याचा फोटो काढून घ्यावा.

दुरुस्ती झाली की गॅरेजच्या दारातच समाधान मानू नये, कारण तिथे इंजिन तापलेलं असतं आणि नाक ऑइलच्या वासाला सरावलेलं. गाडी घरी आणावी, रात्रभर उभी ठेवावी. सकाळी गार इंजिन चालू करून मागे जावं, रुमाल धरावा. मग द्रुतगती महामार्गावर वीस मिनिटं फिरवून आणावी आणि पुन्हा तोच रुमाल, दुसऱ्या कोपऱ्याने. दोन ठिपके शेजारी शेजारी दिसतील. सोबत आत्यालाही बसवावं. तिचं नाक अजून सरावलेलं नसतं.